दिव्यावरचं चित्र आणि गाडीची खरी तक्रार

पुणे, १२ एप्रिल

प्रिय मंदार,

तू घेतलेल्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो मिळाला. स्पीडोमीटरच्या दोन्ही बाजूंना लाल-पिवळ्या चित्रांची जत्रा आणि खाली तुझा प्रश्न, 'विकणाऱ्यानं फसवलं का रे?' नाही फसवलं. चावी फिरवलीस पण सेल मारला नाहीस, तर एवढे दिवे लागायलाच हवेत. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांत आपोआप विझतात, ऑइल आणि बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर. जुनी गाडी घेताना संशय घ्यायचा तो न लागणाऱ्या दिव्याचा. एअरबॅगमध्ये बिघाड असला की काही महाभाग तो दिवाच काढून टाकतात, नाहीतर त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात. मग तो इतरांबरोबर लागतो, इतरांबरोबर विझतो, आणि घेणारा खूश. म्हणून चावी फिरवून सेल न मारता दहा सेकंद थांब. बसलेल्या माणसापुढे चेंडू असं जे एअरबॅगचं चित्र आहे, ते एकट्यानं आधी विझलं पाहिजे. ऑइलच्या दिव्याबरोबर थेट सेल मारल्यावरच विझलं, तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारं यंत्र, लावून घे.

मे महिन्यात आंबा घाटातून रत्नागिरीला जाणार म्हणतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखव, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती, एवढं तुला ठाऊक आहे. घोळ होतो तो चित्रांमुळे. चित्रात जी वस्तू काढलेली असते, तक्रार बहुधा तिची नसतेच.

ऑइलची किटली घे. लोकांना वाटतं, ऑइल कमी झालं की हा दिवा लागतो. तो लागतो ऑइलचा दाब पडल्यावर. दाब नाही म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये ऑइलचा पापुद्रा नाही, धातूवर धातू घासतोय. अशा वेळी 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' म्हटलंस की इंजिन संपलं. बाजूला घे, लगेच बंद कर. पाच-दहा मिनिटं ऑइल खाली उतरू दे, मग सपाट जागेवर डिपस्टिक काढ, फडक्यानं पूस, पुन्हा पूर्ण आत घाल आणि मग वाच. पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा तिच्यावरचं ऑइल शिंतोडलेलं असतं, त्यावर विश्वास नको. बहुतेक लहान गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं ओत, दर वेळी माप. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नकोस, क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाचा दाब बनत नाही. पातळी बरोबर असून दिवा लागत असेल तर दोष ऑइल पंपात, गाळणीत किंवा दाब ओळखून दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचमध्ये. स्विच खराब असला तर काम स्वस्तातलं, पण ते मेकॅनिकनं गेज लावून सांगायचं, आपण अंदाजानं नाही. तोवर गाडी टोचन करून न्यायची. वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर ऑइल एका बाजूला सरून पंपाला हवा मिळतेय, म्हणजे पातळी आधीच खाली गेलीय.

आता घाट. कोल्हापूरहून जाताना आंबा गावापासून उतार, म्हणजे परीक्षा ब्रेकची. येताना घाटाखालच्या साखरप्यापासून चढ, म्हणजे परीक्षा कूलंटची, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची.

ब्रेकचा लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह, हा हँडब्रेक राहिला की लागतो, तसाच ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली की लागतो. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते कमी झालं म्हणजे एक तर गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत. पॅड झिजले की ते दाबणारा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि मागे तेवढी जागा ऑइलनं भरते. बरेच जण इथे बाटली ओतून दिवा घालवतात. झालं, पॅड संपल्याची खबर देणाराच गप्प केला. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की तेच वाढीव ऑइल डबीतून वर येतं आणि खालचा रंग खातं. दिवा लागला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल तर तिथेच थांब. लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस जोडीनं लागले तर मागच्या चाकांचा ब्रेकजोर सांभाळणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. जोरात दाबलास तर मागची चाकं आधी जाम होतील.

आणि एक गोष्ट कुठलाच दिवा सांगत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की आत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. डॅशबोर्डवर सगळं शांत असतं. दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी बदल, आणि उतारावर दुसरा-तिसरा गिअर सोडू नकोस.

तापमानाचं. तुझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही, नुसता थर्मामीटरच्या चित्राचा दिवा आहे. निळा असेपर्यंत इंजिन थंड, तो विझला की मग ताण दे. लाल झाला म्हणजे गाडी तापली. पण काटा नसलेल्या गाडीत ही बातमी उशिरा मिळते, म्हणून चढावर एसीची हवा अचानक कोमट झाली तर कान टवकार. इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्यांचा संगणक आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. दुसरी गंमत म्हणजे कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर वाफेत नाहीतर हवेत राहतो, आणि इंजिन भाजत असताना दिवा गप्प बसू शकतो.

लाल लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर जोरात, काचा खाली. मे महिन्यात घरचे तुला शिव्या देतील, देऊ देत. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता बाहेर टाकणारा. बाजूला घेऊन, वाफ नसेल तर मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेव. दिवा जात नसेल किंवा वाफ दिसली तर बंद. चढावर थांबताना चाकाखाली दगड लावशील, तो निघताना आठवणीनं बाजूला कर. रस्त्यातल्या असल्या दगडांवर रात्री दुचाक्या आपटतात. कूलंटचं झाकण तीस-चाळीस मिनिटं उघडायचं नाही. आत दाब असतो म्हणूनच ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलंस की सगळं एकदम उकळून अंगावर येईल. वरचा जाड होज पाईप फडक्यानं दाबून बघ. टणक लागला तर अजून थांब. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर अडचणीला साधं पाणी चालतं, पण नंतर ते काढून कूलंट भर. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

कारण शोधायची सोपी खूण अशी. नुसत्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेगात थंड होते, तर रेडिएटरचा पंखा बघ. चढावर किंवा हायवेला तापते, तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप किंवा तुंबलेला रेडिएटर. पंख्याची परीक्षा आजच घरी कर. गाडी उभी, एसी चालू, बॉनेट उघडं, हात लांब. पंखा फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर.

बॅटरीचं चित्र गाडी चालू असताना लागलं तर बॅटरी बदलायला धावू नकोस. त्याचा अर्थ चार्जिंग होत नाही, म्हणजे दोष अल्टरनेटरमध्ये (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रात) किंवा त्याला फिरवणाऱ्या बेल्टमध्ये. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.४. बेल्ट तुटला असेल आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर गाडी काही मिनिटांत तापेल, म्हणून आधी बॉनेट उघडून बेल्ट बघ. बेल्ट शाबूत असेल तर एसी, म्युझिक, चार्जर बंद कर आणि इंजिन बंद न करता गॅरेज गाठ. एकदा बंद केलीस की पुन्हा सेल लागेलच असं नाही.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नकोस, दोन-चार दिवसांत स्कॅन करून घे. लुकलुकत असेल तर वेगळं. मिसफायर होतोय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; ते न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, आणि प्लग किंवा कॉइलच्या खर्चाचं काम कन्व्हर्टरच्या खर्चावर जातं. अॅक्सिलरेटरवरून पाय काढ, बाजूला घे. स्कॅनरवर पी ०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा. पण कोड दुखतंय कुठे ते सांगतो, औषध सांगत नाही. पहिल्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) दुसऱ्यावर लावून बघायची. कोडही दुसऱ्यावर गेला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर. 'बॅटरीची वायर काढून लावतो, दिवा जाईल' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नकोस. दिवा जाईल, पण त्याबरोबर साठवलेला पुरावाही.

टायरचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर हवा नव्हे, सेन्सर. घसरणाऱ्या गाडीचं चित्र लुकलुकलं तर घसरणं रोखणारी यंत्रणा काम करतेय, अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका कर. तुझ्या मेहुण्याची बीएस ६ (धुराचे नवे कडक नियम पाळणारी) डिझेल गाडी आहे ना, त्याला सांग, काजळीच्या गाळणीचा दिवा लागला तर मॅन्युअल उघड; बहुतेकदा मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालवली की आतली काजळी जळते. गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेलचं हे ठरलेलं दुखणं.

डिकीत लाल त्रिकोण, हातमोजे, एक लिटर ऑइल आणि तयार मिसळलेलं कूलंट ठेव. नॅशनल हायवेवर अडलास तर मदतीसाठी १०३३ ला फोन कर. आणि या रविवारी थंड गाडीत चावी फिरवून डॅशबोर्डचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढ, दहाव्या सेकंदाला सेल मार. एअरबॅगचा दिवा कधी विझतो ते मला बघायचंय.

तुझा,
अभय