‘खानगी’ खात्याचे ‘खासगी’ होते तेव्हा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यातील मराठी घरांमधून वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि कुलवृत्तान्त पुस्तकरूपाने काढले जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र मजकूर टाइप झाला की तो इंटरनेटवरील एखाद्या संपादनप्रणालीत घालायचा, तिने सुचविलेले सारे बदल एकाच कळीसरशी स्वीकारायचे आणि पाने थेट छापखान्याकडे धाडायची, असा जो प्रघात पडू लागला आहे, त्याविषयी लिहावेसे वाटले.

या साधनांना सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. सुटलेली वेलांटी किंवा दोनदा पडलेला शब्द ती थकलेल्या डोळ्यांपेक्षा लवकर पकडतात, आणि अनुभवी मुद्रितशोधक आज सहजी मिळत नाहीत. परंतु ‘दिन’ व ‘दीन’ किंवा ‘सुत’ व ‘सूत’ हे सगळेच शब्द कोशात असल्यामुळे केवळ शब्द ताडून पाहणारी प्रणाली चुकीच्या जागी पडलेला शब्दही निमूटपणे पुढे जाऊ देते. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात आणताना डोंगरातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन बसल्या, तरी तिची हरकत नसते. उलट तिच्या यादीत नसलेला शब्द अचूक असला तरी तो बदलण्याचा आग्रह ती धरते.

बडोद्याच्या लेखनाला हा आग्रह फार महागात पडतो. एका परिचितांच्या आजोबांच्या आठवणींत ‘खानगी खाते’ सर्वत्र ‘खासगी खाते’ झालेले मी पाहिले. राजवाड्याचा कारभार पाहणारे संस्थानचे ते खाते. आता वाचणाऱ्याला बँकेचे पासबुक आठवावे, अशी त्याची गत झाली होती. त्याच पानांत प्रांताच्या महसुलाची जबाबदारी असलेले ‘सुभे’ हे अधिकारी ‘सभा’ होऊन दौऱ्यावर निघाले होते!

संपूर्ण वाक्येच ‘सफाईदार’ करून देणाऱ्या नव्या प्रणाली याहून पुढे जातात. त्या आजीच्या तोंडचे ‘असं झालं’ सुधारून ‘असे झाले’ करतात. वास्तविक १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या आणि १९७२ मध्ये भर पडलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चारानुसार लिहिण्यास मोकळीक दिली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाप्रमाणेच छापावे, असेही ते सांगतात. म्हणजे शुद्धलेखनाच्या नावाखाली यंत्र जे करते, त्यातील बरेचसे नियमांनाही मान्य नाही.

तेव्हा मूळ फाइल निराळी जपून ठेवावी, बदल दिसतील अशा रीतीने तपासणी करावी आणि प्रत्येक सूचना माणसाने वाचूनच स्वीकारावी किंवा नाकारावी. हयात नातलगांविषयीचा खाजगी मजकूर परक्या सर्व्हरवर चढविण्यापूर्वी त्या सेवेच्या अटी वाचाव्यात, हेही ओघाने आलेच. लिबरऑफिससारख्या मोफत प्रणालीत मजकूर आपल्याच संगणकावर ठेवून शब्दतपासणी करता येते, शिवाय तिच्या शब्दसूचीत आपले शब्द भरता येतात.

येथील मराठी संस्थांना माझी विनंती अशी की, संस्थानकालीन खाती, हुद्दे, पोळांची (म्हणजे शहरातील जुन्या गल्लीवजा वस्त्यांची) व पेठांची नावे आणि बडोदेकरांच्या बोलण्यात रुळलेले गुजराती शब्द यांची युनिकोडमधील सूची जाणकारांकडून तयार करून घ्यावी आणि ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावी. दफ्तरातील जुने कागद ज्यांनी स्वतः हाताळले आहेत, अशी वयोवृद्ध मंडळी आपल्यात आहेत तोवर हे काम हाती घेतले जावे.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे