चारशे माणूस जेवलं, तरी कागद लागतो

ब्रॅम्प्टन, कॅनडा
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आबा, परवा फोनवर माझ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "चारशे माणूस जेवून गेलं, ते काय खोटं होतं?" आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमचा आवाज मला कळतो. बांधावरून भावकीत भांडण झालं तेव्हाही तो इतका दुखावलेला नव्हता. त्या दिवशी रात्रभर मशीनपुढं उभा होतो आणि डोक्यात तेच चाललं होतं. फोनवर हे नीट सांगून होणार नाही म्हणून लिहितोय. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा सूनबाईकडूनच वाचून घ्या. तिच्यापासून लपवावं असं यात काही नाही, आणि काही गोष्टी तिच्यासमोरच बोललेल्या बऱ्या.

तिला इकडं आणायचा जो अर्ज मी केलाय त्याबद्दल पत्र आलंय. अर्ज नाकारलेला नाही. फाईल बघणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आहे आणि ती दूर करायला मला ३० दिवस दिलेत. पाहण्याच्या कार्यक्रमापासून एकोणिसाव्या दिवशी लग्न, नवरा दोन आठवड्यांत परत, पुढं वर्षभरात एकदाच भेट, आणि दोघांचा संसार चालू आहे असं दाखवणारं फाईलमध्ये जवळजवळ काहीच नाही, असं त्यात लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझंही डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, की यातलं एकही वाक्य खोटं नाही. त्या माणसानं आपलं घर पाहिलेलं नाही. त्याच्यापुढं मी ठेवले तेवढेच कागद आहेत.

इथला कायदा दोन गोष्टी बघतो. लग्न खरं आहे का, आणि ते मुख्यतः इथं येता यावं म्हणून लावलंय का. २०१० पासून असं आहे, की यातल्या एकीबद्दल जरी खात्री पटली नाही तरी अर्ज नामंजूर होतो. पैसे घेऊन कागदावरची लग्नं लावणारी माणसं खरंच आहेत, आपल्या भागातलीही आहेत, म्हणून प्रत्येकाची फाईल याच नजरेनं बघतात.

आबा, तुम्ही दर नोव्हेंबरला साताऱ्याला जाऊन हयातीचा दाखला देता. मशीनवर अंगठा ठेवता, नाही उमटला तर हात पुसून परत ठेवता. माझ्या जिवंतपणावर सरकारचा विश्वास नाही का, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तुमच्या लग्नाचंही तसंच. गावजेवण झालं, वरात निघाली, तरी आईचं नाव फौजेच्या रेकॉर्डवर चढलं ते पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची नोंद घेणारा पलटणीचा कागद, निघाल्यावरच. ते तुम्ही रजेवरून परत गेल्यागेल्या करून घेतलंत, म्हणून आज पेन्शनच्या कागदावर आईचं नाव आहे. हवालदार माणसाला कागदाचं मोल मी काय सांगावं. मी एवढंच म्हणतोय, की माझं लग्नही आता त्याच रांगेत उभं आहे.

चूक माझी झाली. फाईल मी एका एजंटाकडं सोपवली आणि न वाचता सही केली. अर्जाच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं, की लग्नाचे फोटो जास्तीत जास्त २०, आणि आपसातल्या पत्रांची, मेसेजची पानं जास्तीत जास्त १०. त्यानं वीसही फोटो स्टेजवरचे लावले. नवरानवरी खुर्चीत, मागं आहेर देणारी माणसं बदलत गेलेली. मेसेजचं एकही पान नाही. आता हे पत्र आल्यावर तोच म्हणाला, "जुन्या तारखांचं चॅट करून देतो, भाडेकरार करून देतो." मी फोन ठेवला. खोटा कागद सापडला तर पाच वर्षं तिला या देशाचं दार बंद होतं. आणि सापडला नाही तरी, खऱ्या लग्नाला खोटा पुरावा जोडायचा, हे मला जमणार नाही.

मग रविवारी सगळे कागद टेबलावर पसरले आणि त्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघितले. वर्षभराचं बँकेचं स्टेटमेंट काढलं. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला पैसे गेलेत, एकही महिना चुकलेला नाही. आणि सगळेच्या सगळे आबांच्या खात्यावर. बायकोच्या नावानं वर्षात एक रुपया गेलेला नाही.

फोनचंही तेच. मी पाळीवरून साडेसातला घरी येतो, तेव्हा तुमच्याकडं दिवेलागण झालेली असते. मी आईच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करतो. आधी आई दिसते, मग आबांचा अर्धा चेहरा, मग गोठा. मग आई हाक मारते आणि ती ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहते. "बरी आहे. तुम्ही जेवलात का?" एवढं बोलून फोन परत आईकडं. रात्री ती तिच्या मोबाईलवरून दोन ओळी टाकते, मी दोन टाकतो, पण खरं बोलणं त्या दारातच होतं. आता कॉलची यादी काढली तर तिथं नाव आईचं.

फोटोंचं तर बघायलाच नको. गणपतीला मी आलो होतो तेव्हा आपण कासला गेलो. पाऊस थांबला होता, पठारावर फुलं होती, आपण अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत आई मध्ये आहे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती.

आई, तुला बोल लावतोय असं मनात आणू नकोस. मला ते फोटो आवडतात. पण टेबलापाशी बसल्यावर मला पहिल्यांदा दिसलं, की आपल्या घरात नवराबायकोचं असं वेगळं काही ठेवायची रीतच नाही. पैसा घरात येतो, फोन घरात येतो, सून घरात येते. आमच्या दोघांमधलं सगळं तुमच्या हातांतून जातं, आणि म्हणूनच ते वर्षभर टिकलंय. मी एकटा इथं आणि ती एकटी एखाद्या खोलीत असती तर कागद भरपूर जमले असते, पण तिचं काय झालं असतं? त्या कार्यालयाला मात्र दोनच नावांमधला धागा दिसायला हवा. तो आहे. आपल्याला तो घरातून सोडवून वर काढून दाखवायचाय.

तुमच्या ट्रंकेतली निळी आंतरदेशीय पत्रं मी लहानपणी चोरून वाचली होती. पत्र आजोबांच्या नावानं. बैलांची चौकशी, पावसाची चौकशी, मनीऑर्डर पोचली का. शेवटची घडी उलटायची त्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आईसाठी दोन ओळी. एका पत्रात होतं, "खोकला गेला का. अडुळसा घेत जा." तुम्ही श्रीलंकेत शांतिसेनेत होतात तेव्हाही पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर गावाचं नाव नाही, फक्त ५६ एपीओ, हा फौजेच्या टपालाचा पत्ता. माणूस नेमका कुठं आहे हे आईला माहीत नसायचं. मनीऑर्डरही आजोबांच्या नावानं. तुमचं लग्न त्या दोन ओळींवर चाललं, आणि त्या ओळीही घरादारानं वाचलेल्या असायच्या. मीही तेच केलं, कारण मी तेच बघत वाढलो.

आता मला तुमच्याकडून काय हवंय ते सांगतो.

या महिन्यापासून मी तिच्या खात्यावर वेगळे पैसे पाठवणार आहे. आबा, याचा दुसरा अर्थ काढू नका. घराचे पैसे तुमच्याकडं येतात तसेच येतील. मागचं झाकायला हे करत नाही. मागं पैसे तुमच्याकडं का गेले हे मी खरंखरं लिहून देणार आहे, आणि तिथं तुमची डायरी लागेल. दाताच्या डॉक्टरचे पैसे, तिच्या चुलतभावाच्या लग्नाला घेतलेली साडी, माहेरी जायचं एसटीचं भाडं, सगळं तुम्ही तारखेनिशी लिहिता, पुढं "सूनबाई" असं घालून. त्या पानांचे फोटो काढा आणि त्याच महिन्यांची पासबुकाची पानं जोडा. माझे पैसे तिच्यापर्यंत कसे पोचले हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

तुम्ही दोघांनी एकेक पत्र लिहून द्या, मराठीत. इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून होईल, घरच्या माणसानं केलेलं चालत नाही. त्यात आमची सून गुणी आहे, मुलगा सालस आहे, असलं लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. सोयरीक कुणी आणली. पाहण्याआधी सहा महिने मामांनी कराडला जाऊन कशी चौकशी केली. ते एकोणीस दिवस घाईचे नव्हते, माझी रजा तेवढीच होती आणि बोलणी त्याआधीच झाली होती, हे मी कितीही सांगितलं तरी ते ऐकायचं तुमच्या तोंडून. आई, तिला ताप आला होता तेव्हा मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फोन करत होतो, ते तू लिही. मी लिहिलं तर ते बढाईसारखं दिसेल.

फोटो मी नव्यानं निवडलेत. स्टेजवरचा एकच ठेवला. हळदीचा एक, जागरण-गोंधळाचा एक, आणि जेजुरीचा, मी तिला उचलून पायऱ्या चढतोय तो. हलला आहे, पण त्यात ती हसतेय. खाली एक ओळ लिहिणार आहे, की आमच्याकडं लग्नानंतर खंडोबाला जाऊन नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या असतात. कासचाही एक घेतलाय, आई मध्ये असलेला. तो मी वगळणार नाही. सून तुझ्या घरची झालीय हे त्यात जेवढं दिसतं तेवढं दुसऱ्या कशात दिसत नाही.

ग्रामपंचायतीतला विवाह नोंदणीचा दाखला, नमुना ई, परत स्कॅन करून पाठवा, शिक्का नीट दिसू दे. तिच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. दोन्ही एकाच मुलीची आहेत हे इथल्या माणसाला आपोआप कळत नाही, त्याचंही स्पष्टीकरण जोडतोय.

तिला मुलाखतीला बोलावण्याची शक्यता आहे. आई, तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेऊ नकोस. शेजारच्या काकू प्रश्नांची यादी देतील, ती बाजूला ठेव. मी रात्रपाळीला असतो, तळघरातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो, मला शेपू आवडत नाही, हे तिला ठाऊक आहे. नाही आलं एखाद्या गोष्टीचं उत्तर तर "माहीत नाही" म्हणू दे.

तू विचारलंस, सगळं सोडून परत का येत नाहीस. मी अजून इथला नागरिक नाही, पर्मनंट रेसिडेंट आहे, म्हणजे कायम राहायची परवानगी तेवढी आहे, आणि तसा माणूस कॅनडात राहत असला तरच बायकोसाठी अर्ज करू शकतो. रजेवर येता येतं, कायमचं येता येत नाही. आलो तर अर्ज तिथंच संपला. आणि समजा नकार आलाच, तर ३० दिवसांत अपील करता येतं, तिथं पुन्हा सगळं पहिल्यापासून ऐकतात. तेव्हा देवघरापुढं बसून रडू नकोस. तू रडतेस हे ती मला सांगत नाही, पण तुझा आवाज बसलेला असतो.

आता शेवटची गोष्ट. ही मला तिनं परवाच सांगितली, तीही मी खोदून विचारलं म्हणून. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तू दुधाचे खाडे मांडतेस ना, त्याच चौकटींत, खालच्या कोपऱ्यात, ज्या दिवशी आमचं बोलणं झालं त्या दिवशी ती पेन्सिलीनं एक ठिपका देते. लग्नाच्या पुढच्या महिन्यापासून. पूर्ण वर्षभर. तुला वाटलं असेल तेलाचे डाग आहेत. गणपतीत मी घरी होतो त्या दिवसांना तिनं ठिपके दिले नाहीत, बारीक फुल्या काढल्यात. तेच दिवस माझ्या विमानाच्या तिकिटावर आहेत.

मला ती बाराही पानं हवीत. तुझ्या खाड्यांसकट, गॅसची टाकी कधी लावली त्या नोंदींसकट. जसं आहे तसं. काही पुसू नका, नवीन काही मांडू नका. आई, नवीन वर्षाचं कॅलेंडर लागलं की जुनं तू फडताळात डब्यांखाली अंथरतेस, हे मला माहीत आहे. अंथरलं असशील तर डबे उचल आणि अलगद काढून घे, फाटू देऊ नकोस.

तुमचा,
बाळू