आमच्या गाठी आणि पोटातलं पाणी फेकून देणं थांबवा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

तुमच्या कार्यालयाचं उत्तर परवा मिळालं. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली असून पत्र संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे.’ मी सूचना केली नव्हती. कॅन्सरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात गाठींचे नमुने जपून ठेवू, ते तपासू आणि रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करू, असा शब्द तुम्ही भर सभेत दिला होता. त्याचं काय झालं, एवढंच विचारलं होतं.

मी अंडाशयाच्या कॅन्सरची रुग्ण आहे. तिसऱ्या स्टेजला कळलं. लवकर का कळलं नाही, हे मी तुम्हाला विचारणार नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर चाळणी चाचणीचा, म्हणजे लक्षणं नसतानाच तपासण्याचा, प्रचंड अभ्यास झाला, आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी व सोनोग्राफी करूनही मृत्यू घटले नाहीत, हे २०२१ मध्ये जाहीर झालं. बहुतेक जणींना उशिराच कळतं. माझा प्रश्न कळल्यानंतरचा आहे.

ऑपरेशनच्या आधी माझ्या पोटात आजारामुळे साचलेलं पाणी काढलं. पिवळसर, किंचित गढूळ, पिशव्याच्या पिशव्या. एक छोटी बाटली पेशी तपासायला गेली, बाकीचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतलं. मंत्रीमहोदय, त्या पाण्यात इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन असतं, रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी अशाच प्रथिनांमार्फत एकमेकींना निरोप धाडतात. गाठ ते निरोप स्वतःच्या वाढीसाठी वापरून घेते. ज्या बायकांमध्ये हे प्रथिन जास्त, त्यांचा आजार केमोला कमी दाद देतो आणि त्या कमी जगतात, असं एकामागून एक अभ्यासांत दिसलं आहे.

माझ्या पहिल्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर प्लेटलेट साडेपाच लाख होत्या. वरची मर्यादा साडेचार लाख. आकड्याशेजारी ठळक ‘एच’ छापलेला. कुणी चकार शब्द काढला नाही. २०१२ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या ६१९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान झालं तेव्हा त्यातल्या ३१ टक्के बायकांच्या प्लेटलेट वाढलेल्या होत्या, आणि त्यांचं आयुष्य इतरांपेक्षा कमी भरलं. कारणही त्यात उलगडलंय. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत थ्रॉम्बोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि ते अस्थिमज्जेला प्लेटलेट बनवायला लावतं. सगळ्यात साध्या रक्ततपासणीच्या कागदावर माझ्या आजाराची खूण उमटली होती आणि तो कागद फाइलमध्ये टाचून टाकला गेला.

ही काही कालपरवाची माहिती नाही. २००३ मध्ये १८६ गाठी तपासल्या होत्या. ज्यांच्या गाठीत टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, शिरलेल्या होत्या, त्यांच्यातल्या ३८ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यातल्या फक्त साडेचार टक्के. टी पेशी असलेल्या गाठींत इंटरफेरॉन गॅमा हे निरोप्या प्रथिन आणि या पेशींना बोलावून घेणारी प्रथिनं, म्हणजे केमोकाइन, जास्त होती. पुढच्याच वर्षी उलटी बाजूही दिसली. सीसीएल२२ हे केमोकाइन सोडून गाठ अशा टी पेशी ओढून घेते, ज्या प्रतिकारच दडपून टाकतात. २०१७ मध्ये साडेपाच हजारांहून जास्त रुग्णांच्या गाठी तपासून झाल्या. सीडी८ पेशी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या टी पेशी, जितक्या जास्त, तितकं आयुष्य जास्त, हेच पुन्हा सिद्ध झालं. माझ्या गाठीत यातलं काय होतं? मला माहीत नाही. माझ्या डॉक्टरांनाही नाही. कुणी बघितलंच नाही.

यावर तुमचे सल्लागार काय सांगतील, ते मला पाठ आहे. या चाचण्यांनी उपचार बदलत नाहीत, कुठला आकडा धोक्याचा हे ठरलेलं नाही, एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळत नाही, रक्त काढून बाहेर ठेवलं तरी आकडा हलतो. सगळं खरं आहे. अव्हेलुमॅब आणि अटेझोलिझुमॅब ही प्रतिकारशक्तीला मोकळं करणारी औषधं पहिल्या केमोबरोबर देऊन पाहिली, सरसकट सगळ्यांना दिल्यावर फायदा दिसला नाही, हेही खरं आहे. पण मग कुणाला काय लागू पडेल, हे ठरणार कसं? हजारो बायकांचे नमुने एकाच पद्धतीने घेतले, गोठवून ठेवले आणि त्या बायकांचं पुढे काय झालं हे लिहून ठेवलं, तरच ना? नमुने फेकून द्यायचे आणि वर पुरावा नाही म्हणायचं, हा अन्याय आहे.

कोविडमध्ये हीच इंटरल्यूकिन-६ तपासणी रुग्णालयांतून सर्रास होत होती. यंत्रं होती, किट होती, रात्री-अपरात्री रिपोर्ट यायचे, त्यावर टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ ला अडवणारं औषध द्यायचं की नाही याचा विचार व्हायचा. ती यंत्रं गेली कुठे?

केमो संपून सहा महिने व्हायच्या आत माझा आजार उलटला. याला प्लॅटिनम-रेझिस्टंट म्हणतात, म्हणजे ज्या औषधावर सगळी भिस्त होती ते आता चालत नाही. केमोने बोटं इतकी बधिर झाली आहेत की ब्लाउजचं हूक मला लागत नाही, मुलगी लावून देते. पायाखाली जमीन आहे की नाही ते कळत नाही म्हणून रात्री उठताना भिंत धरते. एवढं सोसल्यावर, आधी काही कळू शकलं असतं का, असं विचारलं तर ओपीडीत उत्तर मिळतं, “पुढचा पेशंट.” त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. बाहेर बाकड्यांवर जागा उरत नाही आणि आत ते एकटे असतात. राग हे असं चालू ठेवणाऱ्यांवर आहे.

इमारत बांधली की कोनशिला लागते. उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर कुणाचं नाव लागत नाही, म्हणून तो येत नाही. रुग्णाला दर वर्षी फोन करून ‘कशा आहात’ विचारणाऱ्या कारकुनाचं पद भरलं जात नाही. औषध कंपन्या स्वतःच्या औषधासाठी पैसा ओततात. ज्या प्रथिनावर कुणाची मालकी नाही, ते मोजण्यासाठी पैसा कोण घालणार? सरकारच ना? २०२२ या एका वर्षात जगात सव्वातीन लाखांच्या आसपास बायकांना हा कॅन्सर झाला आणि दोन लाखांहून जास्त बायका त्याने गेल्या. बाईच्या पोटातल्या दुखण्याला आधी घरचे वायगोळा म्हणतात, मग डॉक्टर अ‍ॅसिडिटी म्हणतात, आणि शेवटी तुमचं खातं त्याला आकडा म्हणतं.

माझं मागणं डोंगराएवढं नाही. ऑपरेशनमध्ये निघालेली गाठ आणि पोटातलं पाणी रुग्णाच्या संमतीने जपा. नमुना किती वेळात वेगळा करायचा आणि कसा गोठवायचा, याचा एकच नियम सगळ्या रुग्णालयांना लावा. वाढलेल्या प्लेटलेटची नोंद कॅन्सरच्या नोंदवहीत करा, त्याला जादा खर्च नाही. आणि जे समजेल ते आम्हाला सांगा. वाईट असलं तरी सांगा.

पुढच्या आठवड्यात माझ्या पोटातलं पाणी पुन्हा काढणार आहेत. संमतीपत्र मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. ते कुणाकडे द्यायचं, त्या अधिकाऱ्याचं नाव मला त्याआधी कळवा.

आपली,
अंडाशयाच्या कॅन्सरची एक रुग्ण