गाडी थांबली की उतर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सहलीचं वेळापत्रक मिळालं. बाबांनी ते मोठ्या अक्षरांत छापून आणलंय आणि ड्युटीवरून आले की मी नकाशा उघडून त्याच्याशी ताडून बघते. ब्युनोस आयर्सहून निघायचं आणि राष्ट्रीय मार्ग क्रमांक तीनने खाली खाली जात उशुआइया गाठायचं, रस्त्याच्या अगदी टोकापर्यंत ३,०७९ किलोमीटर. मध्ये एक सामुद्रधुनी, एक परका देश आणि मग पुन्हा अर्जेंटिना. गाडीवर दोन चालक आहेत हे वाचलं आणि निम्मी काळजी तिथेच मिटली. दारू नाही, कुणाच्या मोटारीचं स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही, हे तुला तिकडे शिकायला पाठवणाऱ्या रोटरीच्या एक्स्चेंजचे नियम तुला पाठ आहेत, ते मी परत लिहीत नाही. मला दुसरंच सांगायचंय.

तुमची गाडी म्हणजे आमच्या एसटीच्या भाषेत प्रासंगिक कराराची गाडी. लग्नाला, देवदर्शनाला, शाळेच्या सहलीला जाते ती. चाळीस मुलं, सगळी एक्स्चेंजची, गाणी, पत्ते, दंगा. तू दंगा करच, ते वयच आहे. पण अशा गाडीत वाटेत कुणी चढत नाही आणि कुणी उतरत नाही. निघालेली माणसं तीच आणि पोचलेली तीच. माझ्या चिपळूण–कराड गाडीत हेळवाकला एखादी म्हातारी टोपली घेऊन चढते, पाटणला कॉलेजची पोरं घुसतात, कुणाच्या पिशवीत औषधं असतात, कुणाच्या हातात कोर्टाचा कागद. मी कुणाला काही विचारत नाही, नुसती तिकिटं फाडते, तरी संध्याकाळपर्यंत त्या खोऱ्यात काय चाललंय ते मला कळलेलं असतं. तुझ्या गाडीत हे आपसूक होणार नाही. म्हणून तुला खाली जावं लागेल. थांबा दहा मिनिटांचा असो नाहीतर तासाचा, झोप असो, वारा असो, बाकीची मुलं सीटवर लोळत असोत, गाडी थांबली की तू उतर. पेट्रोल पंपावर कोण उभं आहे बघ. दुकानातल्या बाईशी दोन वाक्यं बोल. तुझं स्पॅनिश मोडकं असेल तर मोडकं बोल, जिच्या घरी राहतेस त्या तिथल्या आईशी तू रोज बोलतेसच की.

उतरताना एक लक्षात ठेव. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, गाडीचं दारही उजव्या बाजूला असतं. रस्ता ओलांडायची वेळ आली तर आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि घात होतो. ब्युनोस आयर्समधल्या रेतिरोच्या बसस्थानकावर सॅक पाठीवर नको, पोटावर घे. पासपोर्ट सॅकमध्ये नको, अंगावर ठेव. आणि जागा मिळाली तर जाताना डावीकडची खिडकी धर. समुद्र त्या अंगाला आहे.

पहिल्या थांब्यावर दोन्ही चालकांची नावं विचारून घे. एवढ्या लांबच्या प्रवासात जी माणसं आपल्याला सांभाळून नेतात त्यांचं नाव माहीत नसणं मला बरं वाटत नाही. त्यांची घरं कुठे आहेत, मुलं केवढी आहेत, एक चालवत असताना दुसरा कुठे झोपतो, वाऱ्यात गाडी कशी धरतात, हे विचार. मी दक्षिणेकडच्या पॅटागोनियाच्या वाऱ्याबद्दल वाचलंय. पश्चिमेकडून असा सणसणत येतो की उघडलेलं मोटारीचं दार हातातून सुटतं. उंच, दुमजली गाडीला आडवा वारा म्हणजे काय हे चालवणाऱ्यालाच माहीत. शिवाय तिन्हीसांजेला ग्वानाको रस्त्यावर येतात, ते उंटाच्या कुळातलं जनावर, कळपाने फिरतं आणि दिव्यांसमोर बावरतं. तेव्हा संध्याकाळी चालकाशी गप्पा नकोत. थांब्यावर मात्र जरूर बोल. एकाच भांड्यातून, एकाच नळीने सगळ्यांनी माते, म्हणजे तिथला चहासारखा काढा, प्यायचा आणि थर्मासमधून पुन्हा पाणी ओतून पुढच्याला द्यायचा, हे तुला आता जमतंच. त्यांनी पुढे केला तर घे.

आता रस्त्याच्या कडेला बघायची एक गोष्ट. कुणी सांगणार नाही, वेळापत्रकात तर नाहीच. मैलोन्‌मैल काही नसतं आणि एकदम एका छोट्या घुमटीभोवती पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. शेकडो बाटल्या, भरलेल्या. कचरा वाटेल, पण कचरा नाही. ते दिफुंता कोरेआचं ठाणं. गोष्ट अशी सांगतात की १८४० च्या सुमारास, तिथल्या यादवीच्या काळात, तिच्या नवऱ्याला सैन्याने जबरदस्तीने ओढून नेलं. ती तान्हं बाळ घेऊन त्याच्या मागावर निघाली. सान हुआनच्या वाळवंटात पाणी संपलं आणि ती तहानेने गेली. जनावरं हाकणाऱ्या माणसांना ती सापडली तेव्हा बाळ जिवंत होतं, तिच्या छातीला लागलेलं. चर्चने तिला संतपद दिलेलं नाही. ट्रकवाल्यांनी दिलं. देशभर त्यांनीच रस्त्यारस्त्यावर तिची ठाणी उभी केली आणि जाता-येता ते तिच्यासाठी पाणी ठेवतात, तिची तहान भागावी म्हणून. लाल झेंडे फडफडणारी ठाणी दिसतील ती वेगळी, ती गाउचितो हिल या दुसऱ्या लोकसंताची, तिथून जाताना हॉर्न वाजवतात. ज्या रस्त्यावर पुढचं गाव शंभर-दोनशे किलोमीटरवर आहे तिथे पाणी ठेवून जाणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटली. घाट चढायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावणारे आमचे चालक मी रोज बघते. मनू, कुठे गाडी जवळ थांबली तर दुकानातून भरलेली एक बाटली विकत घे आणि तिथे ठेव. माझ्या नावाने ठेव.

सुरुवातीचे सहाशे-सातशे किलोमीटर पंपा, म्हणजे सपाट काळी जमीन, गव्हाची आणि सोयाबीनची शेतं, गाईगुरं. कोलोरादो नदी ओलांडली की पॅटागोनिया, आणि त्या सुमारास तपासणी नाका लागतो. फळं आणि काही प्रकारचं कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत, फळमाशी आणि जनावरांचे रोग तिकडे जाऊ नयेत म्हणून. सफरचंदं असतील तर आधीच खाऊन टाका.

त्यानंतर जे लागेल त्याला तुझ्या वेळापत्रकात 'दिवसभर प्रवास' एवढंच लिहिलंय. खुरटी झुडपं, तारेचं कुंपण, आभाळ. मुलं झोपतील. तू थोडी जागी राहा. ही जमीन रिकामी दिसते, पण ती रिकामी केलेली आहे. तेवेल्चे आणि मापुचे लोक इथे राहत होते. १८७८ ते १८८५ या काळात सैन्याने मोहीम काढून त्यांना मारलं, हुसकलं, आणि जमिनीचे प्रचंड तुकडे मेंढ्यांसाठी वाटले. ती मोहीम सुरू करणारा जनरल रोका पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याचं चित्र शंभर पेसोंच्या नोटेवर छापलं गेलं. तिथल्या शाळेत हे कसं शिकवतात ते तुझ्या इतिहासाच्या बाईंना विचार. मला खरंच जाणून घ्यायचंय.

त्याच तेवेल्चे लोकांनी वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या, माणसांना जगवलं. १८६५ च्या जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, 'मिमोसा' नावाच्या जहाजातून दीडशेच्या आसपास माणसं लिव्हरपूलहून आली आणि आता जिथे तुम्ही देवमासे बघायला जाल त्या पुएर्तो माद्रिनच्या किनाऱ्यावर उतरली. आपली भाषा आणि आपली प्रार्थना टिकवता येईल अशी जागा त्यांना हवी होती. माद्रिनला गोडं पाणीच नव्हतं. चुबुत नदीपर्यंतची साठेक किलोमीटरची वाट बऱ्याच जणांनी पायी तुडवली. पिकं करपली, शिकार येईना. तेवेल्चेंनी त्यांना शिकार शिकवली, पावाच्या बदल्यात मांस दिलं. पुढे रेचल जेन्किन्स नावाच्या बाईच्या लक्षात आलं, असं सांगतात, की नदीचं पाणी शेताच्या पातळीहून वर आहे, पाट खोदला तर पाणी आपोआप येईल. तिच्या नवऱ्याने खोदला आणि आलं. त्यावर अख्खं खोरं हिरवं झालं. त्या खोऱ्यातल्या गायमान गावात सगळी मुलं चहा आणि केकवर तुटून पडतील. तूही खा, तो चहा प्रसिद्ध आहे. पण अर्धा तास काढून कालवा बघ. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं ते बघत तू वाढलीस, तुला त्या पाटाची किंमत चटकन कळेल.

देवमासे नोव्हेंबरअखेर कमी होत जातात, दिसले तर नशीब. पेंग्विन मात्र पुंता तोंबोला भरपूर असतील. कोमोदोरो रिवादाविया हे तेलाचं शहर आहे. १३ डिसेंबर १९०७ ला तिथे पाण्यासाठी खोदताना तेल लागलं, तो दिवस ते अजून पेट्रोलियम दिन म्हणून पाळतात. पेरितो मोरेनो हिमनदीबद्दल मी काही लिहीत नाही. पाच किलोमीटर रुंद आणि सत्तर मीटर उंच बर्फाची भिंत पाण्यात कोसळताना तू स्वतः बघशील, त्यावर आईने आधी बोलू नये.

दक्षिणेकडे गावागावात माल्विनासच्या पाट्या आणि स्मारकं दिसतील. इंग्रज ज्यांना फॉकलंड म्हणतात ती बेटं. १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनाची ६४९ माणसं गेली. त्यात सक्तीच्या भरतीची अठरा-एकोणीस वर्षांची कितीतरी पोरं होती, तुझ्याहून जेमतेम वर्ष-दोन वर्षांनी मोठी. कुणी त्यावर बोलायला लागलं तर ऐकून घे. मत देऊ नकोस. त्या वयाच्या मुलाचा फोटो भिंतीवर लावलेलं घर तिथे कुठेही असू शकतं.

आता चिली. हा भाग दोनदा वाच. रिओ गायेगोसच्या पुढे जमिनीवरून तिएरा देल फ्वेगोला, म्हणजे उशुआइयाच्या बेटावर, जायचं तर चिलीतूनच जावं लागतं. म्हणजे अर्जेंटिनातून बाहेर, चिलीत आत, फेरीबोटीने सामुद्रधुनी पार, चिलीतून बाहेर, सान सेबास्तियानला पुन्हा अर्जेंटिनात आत. एका दिशेला चार नोंदी. शिक्का मारला तर तो तिथल्या तिथे उघडून बघ, तारीख वाच, मगच खिडकी सोड. अधिकारी एखादा सुटा कागद देईल तर तो पासपोर्टमध्ये ठेव, खिशात नाही. चिलीचा व्हिसा आहेच, आणि तू अजून अठराची नाहीस म्हणून आम्हा दोघांच्या सहीचं परवानगीपत्र त्या निळ्या फोल्डरमध्ये आहे. फळं, मांस, मध, बिया, घरगुती दुधाचे पदार्थ यांच्या बाबतीत चिलीवाले फार कडक आहेत. मी पाठवलेली आंबापोळी, आमसुलं, तिळाची चटणी हे सगळं तिथल्या आईच्या कपाटात राहू दे. सोबत काही उरलंच तर अर्जावर लिही, लपवू नकोस.

पण बोटीवर गेलीस की कागद विसर आणि गाडीतून उतरून वर डेकवर जा. ही मॅगेलनची सामुद्रधुनी. १५२० मध्ये तो इथूनच पलीकडच्या महासागरात गेला. तुम्ही ओलांडाल तो भाग अगदी चिंचोळा, वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे. पाण्यात काळे-पांढरे छोटे डॉल्फिन बोटीबरोबर पळतात असं वाचलंय. टोपी घालून कान झाक.

उशुआइयाला तेव्हा सोळा तासांहून जास्त उजेड असेल. रात्र पडायची वाट बघत जागी बसू नकोस, पडदा ओढ आणि झोप. पूर्वी तिथे तुरुंग होता, १९४७ ला बंद झाला. कैद्यांनीच जंगल तोडून, रूळ टाकून ते गाव वाढवलं. गावापुढच्या लापाताइयाच्या त्या पाटीखाली, जिथे रस्ता संपतो आणि अलास्का १७,८४८ किलोमीटर असं लिहिलंय, तिथे सगळ्यांचे फोटो होतील. तुमचे दोन्ही चालक त्या फोटोत असायला हवेत. कुणाला सुचणार नाही, तू बोलव. हात धरून आण.

गाडीत हॅम-चीजचं सँडविच देतात, त्यात काय आहे ते विचारून मग काय ते ठरव. दूध आटवून केलेलं सारण भरलेली ती बिस्किटं आहेत, त्यांनी पोट भरेल. बाबांनी थोडे पैसे जास्तीचे पाठवलेत. ते स्वेटरवर घाल, भेटवस्तूंवर नको. आम्हाला काही आणू नकोस.

आजी विचारतेय की तिकडे दुपारी सूर्य उत्तरेला असतो हे खरं का. बघून सांग तिला.

परत तांदिलला, तिथल्या घरी, पोचलीस की फोन कर. तुझे रात्रीचे नऊ म्हणजे माझे पहाटेचे साडेपाच, मी पहिल्या गाडीसाठी उठलेलीच असते.

तुझी,
आई