आधी कुंडी उलटी करून पाहा, औषध नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातल्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत एचेव्हेरिया, हावर्थिया, जेड अशी मांसल पानांची झाडे, ज्यांना रोपवाटिकेत सरसकट सक्युलंट म्हणतात, हौसेने लावली जाऊ लागली आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये त्यांतली कितीतरी दगावतात आणि त्यांतली बरीचशी रोगाने नव्हे, तर चुकीच्या निदानाने दगावतात, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका एचेव्हेरियाची पाने सुरकुतली. ते जेथून आणले होते, त्या रोपवाटिकेत विचारले असता 'पाणी कमी पडतंय' असे सांगण्यात आले. मी पाणी वाढवले आणि झाड अधिकच मलूल झाले. अखेर कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढला, तेव्हा कुंडीच्या आतल्या बाजूला पीठ सांडावे तसे पांढरे डाग दिसले आणि बारीक मुळांच्या बेचक्यांत, तांदळाच्या कणीहूनही लहान असे पिठ्या ढेकूण चिकटलेले आढळले. त्यांनी मुळांतला रस शोषल्यामुळे झाडाला पाणी घेताच येत नव्हते आणि मी घातलेल्या जादा पाण्याने उरलेली मुळे कुजू लागली होती.

सुरकुतलेले पान तहानेनेही होते, मुळांवरच्या किडीनेही आणि मूळकुजीनेही. म्हणून वरून पाहून ठरवणे हीच मोठी चूक आहे. तहानलेल्या झाडाची मुळे टणक असतात, तर कुजलेले मूळ तपकिरी होते आणि चिमटीत धरून ओढले की त्याची साल सुटून आत नुसता दोरा उरतो. पांढऱ्या रंगाचाही असाच घोळ होतो. एचेव्हेरियाच्या पानांवरची मेणासारखी झाक नैसर्गिक असते, ती पानभर सारखी पसरलेली असते आणि बोटाने पुसली गेली तर त्या जागी पुन्हा येत नाही. भुरी या बुरशीजन्य रोगाचे पांढरे ठिपके मात्र पुसले तरी काही दिवसांत परततात. पानांच्या बेचक्यात कापसाचे पुंजके असतील आणि कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल, तर तो पिठ्या ढेकूण समजावा, कारण त्याच्या गोड चिकट द्रावासाठीच मुंग्या येतात.

थोडे ढेकूण असतील तर कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, आधी एका पानावर चाचणी घेऊन, ते टिपून काढावेत आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघतात म्हणून आठवड्यातून एकदा, असे तीन-चार आठवडे तेच करावे. खोड कुजले असेल तर स्वच्छ ब्लेडने खालून वर काप घेत जावे. कापलेल्या जागी तपकिरी ठिपकाही दिसेनासा झाला की थांबावे, शेंडा काही दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मगच भरड वाळू, विटांचे तुकडे अशा निचरा होणाऱ्या मिश्रणात लावावा. येथे एक गैरसमज दूर करणे मला अगत्याचे वाटते. मूळकुजीसाठी अनेकजण सरळ कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओततात. पण ती अनेकदा घडवणारे पिथियम आणि फायटोप्थोरा हे सूक्ष्मजीव शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या बुरशीत मोडत नाहीत आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे, एका दुकानात उसावरचे कीटकनाशक लेबल नसलेल्या छोट्या बाटलीत ओतून 'झाडावर मारा' म्हणून मला देण्यात आले. ज्या बाल्कनीत लहान मुले खेळतात, तेथे हे विष नाव आणि प्रमाण माहीत नसताना फवारले जाते. २००२ साली लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीने पश्चिम महाराष्ट्रातला ऊस घेरला, तेव्हा हा मावा खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचे महत्त्व आपल्या शेतकऱ्यांनी ओळखले, पान उलटून किडी पाहण्याची सवय लावून घेतली. तीच सवय शहरातल्या कुंडीलाही हवी.

म्हणून माझी विनंती आहे की, कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयाने दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, घरगुती बागकाम करणाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, रोपवाटिकांनी सक्युलंट विकण्यापूर्वी ग्राहकासमोर कुंडीतून काढून मुळे दाखवावीत आणि आपल्या दैनिकाने निरोगी व कुजलेल्या मुळांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर