कावळ्या-साळुंक्यांचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ते डॉ. सालिम अली यांची जयंती असा ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आपल्याकडे साजरा होतो. त्या आठवड्यात गावोगावच्या शाळांनी जवळची एक जागा ठरवून तिथे पंधरा मिनिटे थांबावे, दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या प्रत्येक पक्ष्याची, अगदी कावळ्या-साळुंक्यांचीही, संख्येसह यादी करावी आणि शिक्षकांनी ती ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हा आग्रह कशासाठी, ते सांगतो. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ सालचा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी ईबर्डवर केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. निरीक्षक वर्षागणिक वाढत असल्याने नुसत्या नोंदी मोजल्या, तर घटणारा पक्षीही वाढल्यासारखा दिसेल. म्हणून शंभर याद्यांपैकी किती याद्यांत तो आला, हे अभ्यासक पाहतात. मात्र यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेला पक्षी त्या वेळी आढळला नाही, असे धरता येते. फक्त दुर्मीळ पक्षी टिपणाऱ्याच्या वहीतून हे कधीच कळणार नाही.

मोराचेच पाहा. त्रावणकोर-कोचीन या केरळातल्या तेव्हाच्या संस्थानांमध्ये १९३३ साली केलेल्या सर्वेक्षणात सालिम अलींना मोर आढळला नव्हता. आज तो केरळात ठिकठिकाणी दिसतो आणि तिथल्या वाढत्या कोरडेपणाशी अभ्यासक याचा संबंध जोडतात. उलट, दसऱ्याला ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो, तो नीलपंख देशभर घटत असल्याचे याच नोंदींतून पुढे आले.

मी बीड जिल्ह्यातील एका माळावर दर रविवारी जातो. मागच्या खेपेची माझी यादी अशी होती: टिटव्या ४, साळुंक्या ११, कोतवाल २, होले ६, आणि कुसळी गवतातून शीळ घालत वर गेलेला एक चंडोल. नवे काहीच नाही म्हणून अशी यादी पाठवायचा पूर्वी मला संकोच वाटे. पण हा माळ उद्या नांगरला गेला किंवा पावसाचे मान बदलले, तर आधी इथे काय होते याचा पुरावा अशा याद्यांतूनच मिळेल. पुणे, मुंबई, भिगवण, अभयारण्ये इथे निरीक्षकांची गर्दी असते. मराठवाड्यातल्या माळांकडे आणि गावतळ्यांकडे फारसे कोणी फिरकत नाही. तिथे पक्षी नाहीत की पाहणारा नाही, हे नकाशावरच्या कोऱ्या जागेवरून कसे ठरवणार?

ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहू नये. जागा आणि वेळ मात्र शक्यतो तीच ठेवावी आणि सप्ताह संपल्यावरही महिन्यातून एकदा तिथे जावे.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, जि. बीड