सही करण्याआधी

बोरी, फोंडा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

लिस्बनला तुझे पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद झाले हे तू फोनवर सांगितलंस आणि मला 'बरं' याच्यापुढे काही सुचलं नाही. आई म्हणाली, लिहून तरी टाका. भारतीय पासपोर्ट परत करण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

परागंदा लेखकांवरचा तुझा लेख वाचला. कादंबरीकार मिलान कुंदेरांचं चेकोस्लोव्हाक नागरिकत्व 1979 साली काढून घेतलं, 2019 साली चेक नागरिकत्व दिलं. मधली चाळीस वर्षं हा लेखक नेमका कुणाचा, असं तू विचारलंयस. आपल्या घरात इतकं नेटकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. कॉलेजातल्या सगळ्यांना वाचायला दिला.

एक मात्र खटकलं. शेवटी तू स्वतःलाही हद्दपार म्हणतेस. बाय, हद्दपारी गोवा मुक्तीसाठी लढलेल्या टी. बी. कुन्हांची. 1946 साली पकडून त्यांना पोर्तुगालात पेनिशेच्या किल्ल्यात नेऊन डांबलं. 1958 साली मुंबईत वारले, मुक्त गोवा पाहिलाच नाही. तुला कुणी घालवलेलं नाही. कुणी घालवलं असतं तर परत आणायला भांडलो तरी असतो. तू आपण होऊन पासपोर्ट परत दिलास, तर मी कुणाशी भांडू?

बघ, आलोच त्यावर. आजोंच्या पोर्तुगीज अमदानीतल्या जन्मनोंदीवरून तुला हा हक्क मिळाला. त्याच आजोंनी गोवा मुक्त झाला त्या दिवशी, 19 डिसेंबर 1961 ला, वाड्यावर घरोघर साखर वाटली होती. हे तुला डिवचायला लिहीत नाही. उपदेश वाटला तर माफ कर.

आपले कवी बाकीबाबही (बा. भ. बोरकर) गोवा सोडून पुण्याला आकाशवाणीत गेले होते, पण कवितेतून बोरी गेली नाही. सातवीत असताना तू जुवारीच्या पुलावर स्कूटर थांबवायला लावून त्यांची कविता म्हटलीस. वाऱ्याने टोपी उडून नदीत पडली, तरी मध्ये थांबली नाहीस. शेवटचं कडवं होईपर्यंत मागच्या ट्रकवाल्यानेही हॉर्न दिला नाही. तुझ्या नव्या लेखांत मराठी ओळ दिसत नाही, म्हणून आठवलं.

सोलां (आमसुलं) आणि आटवल्याचे तांदूळ मामीकडून पाठवलेत.

पेनिशे लिस्बनहून शंभरेक किलोमीटर आहे. किल्ल्यात आता संग्रहालय आहे. आधी तिथे जाऊन ये, मग पासपोर्ट परत करायची काय ती सही कर. आणि केलीसच, तर ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्याचा) अर्ज त्याच आठवड्यात घाल. पैसे मी भरतो.

तुझा,
बाबा